बिनगवताचं मैदान

निर्जीव वस्तूला लाजवून कामाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला, याला मी तरी काय करणार! आमचे दाजी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला सारी हयात काढून हा माणूस निवृत्त झाला. म्हणजे फौंड्रीने त्यांना निवृत्त केलं. त्यांनी स्वतः अजून निवृत्ती घेतलेली नाही. तिथली मशीनं हातची गेली तेव्हा त्यांनी मोर्चा घराकडे वळवला. ताईच्या घरात पंखा आहे, मिक्सर आहे, इस्त्री आहे, स्कूटर आहे, आणि यातली एकही वस्तू ती बनवणाऱ्या कंपनीसमोर नेऊन ठेवली तर कंपनी ओळख दाखवणार नाही. इस्त्रीला विळ्याची मूठ आहे. मिक्सरला शिलाई मशीनची मोटर आहे, त्यामुळे तो सुरू केला की ताईला भांडं दोन्ही हातांनी कवटाळून धरावं लागतं, नाहीतर चटणी थेट सोप्यात येते. पण चालतो. ‘चालतोय का न्हाय?’ हा दाजींचा एकमेव सवाल. नीट चालतो का, हा प्रश्न त्यांच्या मते नाजूक लोकांचा आहे.

“हे टाकून द्या आता” असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. म्हटलं की दाजी मान वर करून एकच शब्द काढतात, “का?” त्याला उत्तर नको असतं. एकदा दाजी बाहेर गेलेत असं बघून ताईने तो मिक्सर गुपचूप भंगारवाल्याला घातला. नशीब असं की दाजी गल्लीच्या तोंडाशीच त्याला आडवे गेले. मिक्सर तर परत आणलाच, वर भंगारवाल्याचा मोडका तराजूही दुरुस्तीला म्हणून घरी घेऊन आले. भंगारवाला मागे, ताई दारात, आणि दाजी तिला सांगतायत, “बघ, त्येनंबी तराजू टाकला न्हाय. सोता भंगारवाला हाय, तरीबी टाकला न्हाय!” यावर माणसाने काय बोलावं? मी हायस्कुलात मराठी शिकवतो. शब्दांची मला सहसा वाण पडत नाही. दाजींपुढे पडते.

दुसरं म्हणजे त्यांचं तत्त्व. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. ही रीत आमच्याकडे जुनीच आहे, पण इतरांनी ती काळाप्रमाणे सैल सोडली आणि दाजींनी आणखी आवळली. दीपा ही त्यांची एकुलती लेक, माझी भाची. तिला कबनूरला यंत्रमागवाल्यांच्या घरात दिली. दाजी तिच्या सासरी जाताना पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी घरून न्यायचे. व्याही बिचारे हात जोडायचे, “पावणं, निदान चा तरी घ्या.” दाजी आपल्या बाटलीतलं पाणी घटाघटा पिऊन म्हणायचे, “झाला चा.” आणि तेवढ्यात मागच्या शेडमधल्या एखाद्या मागाचा आवाज त्यांच्या कानाला खटकायचा. मग काय, सदरा खुंटीला, आणि व्याह्यांचा माग खोलून दाजी जमिनीवर. द्यायला बंदी नव्हती, घ्यायला होती. पुढे जावई मागांची मशिनरी करणाऱ्या कंपनीत लागला आणि दीपाला घेऊन जर्मनीला गेला. तिथून आलेला स्वेटर अजून घडी न मोडता कपाटात पडून आहे. चॉकलेटं मात्र संपली. “दाजी, ही कुठल्या तत्त्वात बसतात?” असं मी विचारलं तर म्हणाले, “वितळत हुती की. टाकून देऊ व्हय?”

आता खरी अडचण ऐका. हा माणूस गल्लीत बोलला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, पण लेकीचा फोन आला की घशात कुसळ अडकतं. “जेवलीस?” “व्हय आण्णा.” “थंडी हाय?” “हाय.” “बरं. आईला देतो.” झालं संभाषण! लेकीवर यांचं प्रेम नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने आधी माझ्याशी गाठ घालावी. तिच्या पाठवणीच्या वेळी हे गृहस्थ मांडवाच्या मागे जनरेटर तपासत उभे होते, आणि तो जनरेटर बंद होता. प्रेम आहे हो, उदंड आहे. त्याला तोंड नाही एवढंच. ते तोंड फक्त एका वेळी फुटतं, ते म्हणजे फुटबॉल खेळताना.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मॅचच्या दिवशी इथे सख्खे साडू एकमेकांना ओळख देत नाहीत. दाजी तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. गुडघा गेला आणि ते मैदानाबाहेर बसले ते बसलेच. मग दीपाच्या शिक्षणासाठी घरात कॉम्प्युटर आला, तिने त्यात फुटबॉलचा एक गेम घातला, आणि सगळा प्रकार पुन्हा सुरू झाला. एकाच कीबोर्डच्या या टोकाला बाप, त्या टोकाला लेक. लग्नानंतर तेच खेळणं इंटरनेटवर गेलं. दर रविवारी दुपारी दीपा तिकडे, दाजी इकडे, आणि मधे फोन. मग ऐकावं! “अगं ए, एकटीच बॉल घिऊन कुठं निघालीस, बाजारला?” “आण्णा, तुमचा बॅक झोपलाय बघा.” “झोपंना का, तुझ्या बापाचं काय जातंय!” या आरडाओरड्यात दोघं सगळं बोलून घ्यायची. तिला नोकरी लागली ते दाजींना कॉर्नर किक मारताना कळलं. तिथे एकटं वाटतं, कधीकधी बाथरूममध्ये जाऊन रडते, हे तिने आईला कधी सांगितलं नाही. बापाला सांगितलं, त्यांनी एक गोल खाल्ल्यावर. दाजी त्यानंतर गोलावर गोल खात राहिले आणि खाताना असल्या एकेक शिव्या घालत राहिले की पोरगी शेवटी हसायलाच लागली.

आणि मग गेम बनवणाऱ्या कंपनीने तो जुना गेम इंटरनेटवर खेळायचा बंद केला. खेळायचं तर आता नवा घ्या! दीपाने तिच्याकडे घेतला, दाजींनी इकडे आपला आपण घेतला, आणि सुरू करायला गेले तर पडद्यावर इंग्रजी पाटी. मी ती वाचून मराठीत सांगितली, “दाजी, तो म्हणतोय की या खेळाला लागणाऱ्या किमान गरजा तुमचं यंत्र पूर्ण करत नाही.”

दाजी पाटीकडे बघत राहिले. पेठेत कुणी वाकडं बोललं तर बघतात तसे. “किमान? किमान किती, ते ह्यो ठरवणार? ह्येनं फौंड्री बघितलीया व्हय कधी?”

“दाजी, ऐका माझं. नवीन कॉम्प्युटर घ्या.”

“नवीन घिऊन चालवला तर जिकला कोण? दुकानदार. म्या काय केलं त्यात?”

दीपा म्हणाली, मी पाठवते. “लेकीच्या घरचं नको.” मी म्हटलं, मग मी देतो. “मेव्हण्याकडनं घ्यायला आता ह्या वयात हुंडा घेतोय व्हय मी?” अशी सगळी दारं आपल्या हाताने लावून घेऊन दाजी कॉम्प्युटरच्या त्या जुन्या पेटीसमोर मांडी घालून बसले. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “बसलं. आता जेवायला उठायचं न्हाय हे माणूस.”

बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून त्यांनी वापरलेलं ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पळवणारा भाग, पैदा केलं. ते पेटीत मावेना. तुम्ही आम्ही म्हणू, कार्ड मोठं आहे. दाजी म्हणाले, पेटी लहान आहे, आणि ग्राइंडर लावून त्यांनी पेटीची कड उडवली. ठिणग्या अशा उडाल्या की ताईने देव्हाऱ्यापुढचा दिवा आधी आत नेला. कार्ड बसलं, पण तापायला लागलं. मग फौंड्रीतल्या जुन्या सोबत्याकडून एक छोटा ब्लोअर आला. तो पेटीच्या उघड्या अंगाला लावून बटण दाबलं की भिंतीवरचं कॅलेंडर आडवं व्हायचं आणि शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, “गिरण घातली काय वो?” दाजी ओरडून सांगायचे, “व्हय, दळण आणा!”

मग आतली साफसफाई. कॉम्प्युटरमध्ये जे जे आपोआप चालू असेल त्याला दाजी दरडावून विचारायचे, “तुझं हितं काय काम?” उत्तर आलं नाही की ते बंद. यात प्रिंटर गेला, घड्याळ गेलं, आणि एके दिवशी मराठी टायपिंग गेलं. मी त्याच कॉम्प्युटरवर सहामाहीची प्रश्नपत्रिका करत होतो हो! मी बोंब मारली तर शांतपणे म्हणाले, “हातानं लिवा की. अक्षर चांगलं हाय तुमचं.” तिथून ते प्रत्यक्ष गेमच्या पोटात शिरले. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून कुठली सेटिंग कुठे बदलायची ते शिकले, आणि सुटलेच. प्रेक्षक काढले. “गॅलरीत बसून बॉल खेळत्यात व्हय ती?” सावल्या काढल्या. खेळाडूंचे नाक-डोळे काढले. कॉमेंट्री करणारा इंग्रज काढला, “त्येचं काम मी करतो.” शेवटी उरलं गवत. त्यावर मात्र त्यांचा हात जरा अडखळला. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “आमी तरी कुठं गवतावर खेळलोय? मातीतच गुडघं फोडलं की.” आणि काढलं.

अखेर तो रविवार उजाडला. दुपारी मला बोलावणं आलं, शेजारच्या काकूंना आलं. फोन व्हिडिओवर लावून फळीवर टेकवला होता, त्यात जर्मनीहून दीपा. ब्लोअर घोंगावतोय, ताई पदर तोंडाला लावून उभी आहे, गेम उघडतोय, उघडतोय, काही केल्या उघडत नाही. मला दया येऊन मी काहीतरी बोलणार, तोच पडद्यावर मैदान आलं! आलं की हो! बोडकं, बिनगवताचं, पण आलं. आता अशा वेळी कुठल्याही गावचा माणूस टाळी वाजवील, फार तर पेढा वाटील. पण कोल्हापूरच्या माणसाला आनंद झाला की गुलाल लागतो. मॅच जिंकली, गुलाल. निवडणूक जिंकली, गुलाल. दाजींनी जोतिबाला बोलून ठेवलं होतं, डोंगरावरून आणलेली पुडी देव्हाऱ्यात तयार होती. त्यांनी ती फोडली, “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” अशी आरोळी ठोकली, आणि मूठभर गुलाल वर उधळला.

ब्लोअर चालू होता. त्याने आपलं काम चोख केलं. वर गेलेला गुलाल खाली यायच्या आत त्याने ओढून घेतला आणि सगळाच्या सगळा उघड्या पेटीत फुंकला. पेटीने तो मागच्या बाजूने आमच्यावर सोडला. काही दिसेनासं झालं. काकू गुलाबी झाल्या, ताई गुलाबी झाली, मी पांढरा सदरा घालून गेलो होतो, त्याची तर कथाच नको. पेटीतून ‘चट’ असा आवाज आला आणि पडदा काळा पडला.

फोनवर दीपा आधी पोट धरून हसली. हसता हसता थांबली. तिला दाजींचा चेहरा दिसला असणार. म्हणाली, “आण्णा, आता पुरे करा. मी नवीन पाठवते.”

“नको.”

“आण्णा, उगंच हट्ट करू नका.”

“न्हाय म्हटलं न्हवं? लेकीच्या घरचं मी घेत न्हाय.”

“मग आपण बोलायचं कसं?” दीपा ओरडली. खरंच ओरडली, बापासारखी. “हे बंद झालं तर आपण बोलायचं कसं, सांगा की मला! मी काय नुसतं जेवले म्हणून सांगायला फोन करू?”

दाजींनी ब्लोअर बंद केला. गुलालाने माखलेल्या हातात फोन उचलला, तिच्याकडे बघितलं, ओठ हलवले. आणि म्हणाले, “आईला देतो.”

मला त्यांचा असा राग आला म्हणता! घ्या की मेलं एक यंत्र लेकीकडून, कुठला देव कोपणार आहे? असं मी तोंडावर बोललो. पण ताई, जिने आजवर त्यांच्या प्रत्येक खटपटीला नावं ठेवली, ती माझ्यावरच उसळली. “तू गप रे! रीत त्यांची हाय, ते पाळत्यात. आणि लेक माझीबी हाय. आणा ती पेटी हिकडं.” तिने वर्तमानपत्रं अंथरली, रंगाचा जुना ब्रश घेतला, दातांचा ब्रश घेतला, आणि दाजी एकेक भाग काढून देतील तो ती तांदूळ निवडावेत तसा निवडून साफ करायला बसली. आठवडाभर सोप्यात हेच. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा येऊन बघून गेला. “काका, ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाय.” दाजी म्हणाले, “ते आमी दोघं ठरवतो.” त्याने जाताना दुकानातला एक जुना पॉवर सप्लाय तेवढा आणून दिला. जळालेला तोच होता. बाकीचं सगळं नुसतं माखलं होतं.

पुढच्या रविवारी यंत्र सुरू झालं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी आरोळी दिली नाही. ताईने गुलालाच्या उरलेल्या पुड्या आधीच शेजारी नेऊन ठेवल्या होत्या. दीपा फोनवर आली. “आण्णा, दिसतंय का नीट?”

“झकास दिसतंय,” दाजी म्हणाले.

“झकास कुठलं!” ताई मागून कडाडली. “गवत न्हाय, माणसं न्हाईत, खेळणाऱ्यास्नी तोंडं न्हाईत. भुतांची मॅच हाय नुसती!”

दीपाने ते ऐकलं. मग म्हणाली, “आण्णा, जरा थांबा हं.” तिकडे बराच वेळ काहीतरी खुडबुड चालली. “हां, चला आता.”

आणि सुरू झालं. चेंडू अडखळत जात होता, खेळाडू पाण्यातून चालल्यासारखे पळत होते, पण दाजींचा आवाज लागला आणि मला पेठेतलं मैदान आठवलं. “मार की! मार! अगं काय जर्मनीत खाया घालत न्हाईत व्हय तुला?” पहिला हाफ संपेपर्यंत तिने ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केली, नव्या घराचा जिना किती अरुंद आहे ते सांगितलं, आणि दिवाळीला यायचं म्हणतेय पण जमेल असं वाटत नाही, हेही सांगितलं. ते सांगताना आवाज जरा बारीक झाला तसा दाजींनी मुद्दाम चेंडू बाहेर घालवला.

मधल्या वेळात जावईबापू फोनमध्ये डोकावले. “आण्णा, हिनं काय करून ठेवलंय बघा जरा,” असं म्हणत त्यांनी फोन दीपाच्या पडद्याकडे वळवला. भिंतभर मोठा पडदा, यंत्र नवंकोरं. आणि त्यावर तेच बोडकं मैदान. गवत नाही, गॅलरी रिकामी, खेळाडूंना तोंडं नाहीत.

दाजी घाबरले. “तुझीबी मशीन गेली काय गं?”

“न्हाय आण्णा. मीच काढलं सगळं.”

“का?”

“तुमास्नी दिसत न्हाय ते मी एकटीनं बघून काय करू?”

“येडी हायस. एवढी भारी मशीन… लाव बघू परत गवत.”

“न्हाय लावत.”

“अगं, बाप सांगतोय!”

“सांगू द्या. न्हाय लावत म्हणजे न्हाय लावत, जावा!”

दाजी रडले. आमच्यासमोर, उघड, नाक ओढत रडले. डोळेही पुसले नाहीत, कारण दुसरा हाफ सुरू झाला होता आणि दोन्ही हात कामात होते. त्या हाफात त्यांनी किती गोल खाल्ले ते मी मोजलं नाही. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी नाही म्हणता आलं नाही, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याला आता पुष्कळ रविवार झाले. बापाकडे गवत नाही म्हणून लेकीकडेही नाही, आणि दोघांपैकी कुणीही माघार घ्यायला तयार नाही. तुम्ही याला वेडेपणा म्हणाल. म्हणा, बापडे! पण त्या पेटीला हल्ली धाप लागते. सुरू होताना ती कण्हल्यासारखी करते, आणि यंत्राचं कण्हणं दाजींइतकं कुणाला कळणार? एक दिवस ती खरंच बंद पडेल. त्या रविवारी काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. अलीकडे बटण दाबण्याआधी ते पेटीवर हात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहतात. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. परवा मी जवळ होतो, म्हणून ऐकू आलं. हळू आवाजात, आयुष्यात कुणाची मनधरणी न केलेला हा माणूस त्या पेटीला म्हणत होता, “एवढा रविवार काढ, बाई.”